दाताखालचं गवत

गेल्या संक्रांतीला सुगडातला उसाचा करवा सहज चघळायला घेतला आणि उजव्या दाढेत भरलेलं सिमेंट त्याच्यासोबत बाहेर आलं. मामा शेजारीच बसला होता. त्याने चोथा निरखून पाहिला आणि म्हणाला, "अगं, शहाऐंशी झिरो बत्तीस आहे तो. कारखान्याने खायचा ऊस, आपण नाही."

आजी असती तर तिने पुंड्याची आठवण काढली असती. पुंड्या म्हणजे जाड, मऊ, दाताने सोलला की साल लांबच्या लांब निघायची. तिच्या मते पुंड्या गेला आणि माणसांचे दात पडायला लागले. मला हे नेहमी आजीपण वाटायचं. दाढेवर जीभ फिरवत थोडं वाचल्यावर कळलं की आजी अगदीच चुकीची नव्हती. हल्लीच्या उसात खरोखरच गवत आहे. ओढ्याकाठी, नदीच्या मळईत गणपतीनंतर पांढरे तुरे काढून डुलतं ते काशाचं गवत. ते उसाचं रानटी भावंड. गोडी बेताची, पण पाणी असो-नसो, रोग येवो, तोडलं तरी पुन्हा फुटणार. पुंड्यासारखे जाड ऊस गोड खरे, पण लाडावलेले.

या दोघांचं लग्न लावलं कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने. शेतकरी सवयीने उसाच्या जातीचा आकडाच बोलतात, त्याआधीचं 'को' खाऊन टाकतात. ते 'को' म्हणजे कोइमतूर, आणि ८६ हे साल. संस्था १९१२ची, आणि जाड ऊस व काशाच्या संकरातून निघालेला त्यांचा 'को २०५' आला १९१८ साली. संस्था तिथेच का, याचं कारण मला फार आवडलं. आमच्याकडे उसाला तुरा आला की मामाचं तोंड उतरतं. तुरा आला की वाढ थांबली, कांडं पोकळ पडायला लागलं, वजन गेलं. कोइमतूरला मात्र तुऱ्याची वाट बघतात. तिथल्या हवेत उसाला नीट फुलोरा येतो, बी धरतं, आणि बी धरल्याशिवाय संकर कसला?

या तुऱ्यांच्या गावी १९३४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल आल्या. केरळातल्या तेल्लिचेरीच्या, जन्म १८९७चा, मिशिगन विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतलेल्या. 'भारताचा ऊस गोड करणारी बाई' अशी त्यांची ओळख जिथे-तिथे छापलेली असते. मला हे वाक्य पटत नाही. बाई आल्या तेव्हा 'को २०५' शेतात जाऊन सोळा वर्षं झाली होती. आणि गोडी तर जाड उसाचीच. बाईंनी हिशेब मांडला तो गवताचा.

हिशेब म्हणजे अक्षरशः मोजणी. कोवळ्या मुळाचं टोक कापायचं, रंगवायचं, काचेवर चेपायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गुणसूत्रं मोजायची. माणसाची ४६, ठरलेली. जाड उसाची ८०. काशाच्या गवताची मात्र इकडच्या ठोंबात ४०, तिकडच्या ठोंबात ६४, आणखी कुठे थेट १२८. एकच गवत, पण गावोगाव गोतावळा वेगळा. आजच्या उसाच्या एकेका पेशीत शंभराच्या वर गुणसूत्रांची गर्दी असते. अशा घरात कोणाला कोणाशी जोडायचं हे मोजल्याशिवाय कसं ठरवणार? अंदाजाने जोडायचं तर पत्रिका न बघता लग्न. बाई मात्र पत्रिका बघून थांबल्या नाहीत. उसाचा त्यांनी चक्क मक्याशी संकर केला आणि १९३८ साली ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. मामाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कणीस की कांडं?"

१९३९च्या ऑगस्टमध्ये बाई एडिंबराला आनुवंशशास्त्राच्या परिषदेला गेल्या आणि महायुद्ध पेटलं. त्या तिकडेच राहिल्या. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात त्या तिथल्या जॉन इनेस या वनस्पती-संशोधन संस्थेत मोजतच होत्या. गुणसूत्रांचे अभ्यासक सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश केला, तो १९४५ साली निघाला. हजारो वनस्पती, प्रत्येकीसमोर एक आकडा. कोणी सलग वाचावं असं हे पुस्तक नव्हे. आमच्या घरातल्या पंचांगासारखं. वाचत कोणी नाही, पण त्याच्याशिवाय कोणाचं पानही हलत नाही. दहा वर्षांनी पुढची आवृत्ती निघाली तेव्हा डार्लिंग्टन यांच्या जोडीला दुसरं नाव होतं. कोशात हे असं होतच असेल, तरी मला ते लागलं. सिमेंट निघालेल्या दाढेला गार पाणी लागावं तसं.

पुढे त्या इंग्लंडातल्याच विस्लीच्या बागेत गेल्या. मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग केला. त्याने पेशी दुभंगायची थांबते आणि गुणसूत्रं दुप्पट होऊन आतच राहतात. १९५१ मध्ये नेहरूंनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवायला त्यांना परत बोलावलं. १९७०च्या दशकात त्या केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या धरणाविरुद्ध उभ्या राहिल्या. १९७७ला पद्मश्री, १९८४ला गेल्या. एवढं भराभर सांगितलं, कारण मामाचं लक्ष उडालं होतं. तो बेण्याच्या टिपऱ्यांवरचे डोळे तपासत होता.

"मग बाईंच्या नावाचं काय आहे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मॅग्नोलिया. पांढऱ्या फुलांचं झाड. इंग्लंडात."

"त्याला रस असतो?"

"नाही."

"हं," मामा म्हणाला आणि डोळा खराब असलेली टिपरी त्याने बाजूला टाकली.