घडी घडी काऊन उतरता?

हंगामात गावोगावी हा प्रश्न ऐकतो. शेतकऱ्याच्या घरातला कापूस भरायला ट्रक त्याच्या आवारात मागं घ्यायचा असतो. मालक फाटकापाशी, हमाल तयार, आणि मी अर्धी गाडी आत घालून हँडब्रेक ओढून खाली उतरतो. मागं जाऊन बघतो, परत चढतो, दोन हात गाडी सरकवतो, पुन्हा उतरतो. मग कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, एवढ्या वर्षाचे ड्रायव्हर तुमी, घडी घडी काऊन उतरता? आमी हाओत न सांगाले!"

तुम्ही आहात, तीच तर पंचाईत आहे.

"सरळच घाला न आत" म्हणणारेही असतात, त्यांचं आधी उरकतो. आवारात दहा चाकी वळत नाही. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झापड, खोलीच्या दारापाशी लागला की हमालांची चाल वाचते. आणि भरल्यावर कापूस हौद्याच्या बाहेर फुगतो, वर लाईटची तार लोंबत असते. तशी भरलेली गाडी अंधारात उलटी बाहेर काढून दाखवा, मग बोलू. तुमची घाई मला समजते. महिना-महिना खोलीत कापूस ठेवून लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटलेली असते, भाव आज बरा असतो, काटा बाहेर टांगलेला असतो. तरी मी उतरणार.

ट्रकची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट, आरसे त्याच्या बाहेर. फाटक दहा फुटांचं असलं तर दोन्हीकडं पाऊण-पाऊण फूट उरतं. सरळ जायचं असतं तर तेवढं खूप झालं. पण गल्लीतून तिरपं घुसावं लागतं. फाटक माझ्या हाताला यावं म्हणून गाडी पुढं काढतो आणि स्टेअरिंग उजवीकडं कापत मागं येतो. शेपूट उजवीकडं आत शिरतं, आणि त्याच वेळी तोंड डावीकडं, समोरच्या घराच्या ओट्याकडं फिरतं. सांगणारे सगळे मागं उभे असतात. पुढं कोणी नसतं. कॅमेरा बसवा म्हणता, बसवला होता. धूळ आणि कापसाचा फुपाटा बसून चार दिवसांत त्यात धुकं दिसायला लागलं. आणि फाळक्याच्या लगेच मागं काय आहे, ते दोन्ही आरशांत दिसत नाही.

हे सगळं मी नेहमी सांगतो आणि लोक मान हलवतात. पण उतरण्याचं कारण हे नाही.

राळेगाव तालुक्यातलं एक गाव, सहा-सात हंगाम झाले. दिवस मावळायला आलेला. माझ्यासोबत क्लिनर होता, एकोणीस वर्षांचा पोट्टा, मला उस्ताद म्हणायचा. आमचा ठराव साधा होता. तो मागून हौद्यावर थाप मारणार. थाप चालू तोवर यायचं, थाप थांबली की थांबायचं. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण गावात तोंडं फार असतात.

त्या दिवशीही होती. पाच-सहा जण एका सुरात "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. व्यापाऱ्याचा माणूस घड्याळ बघत होता. शेपूट फाटकात शिरलं होतं, अजून हातभर आलं की गाडी एका कटात बसणार होती, आणि गल्लीतली पोरं बघत होती.

फाटकाचा लोखंडी दरवाजा वाऱ्यानं परत फिरला. त्याला दगड लावायचं राहून गेलं होतं. पोट्ट्यानं थाप सोडून तो हातानं धरला. फाळक्यानं दरवाजा खांबावर दाबला, मधे त्याची बोटं. ओरडला तो एकदाच. "येऊ द्या" वाले त्याच्यानंतरही क्षणभर चालूच होते.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. वर्धेला नेताना तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "उस्ताद, गाडी लॉक केली का?"

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो की गोंगाटात ऐकू आलं नाही. गाडीमालकाला हेच सांगितलं, पोट्ट्याच्या बापाला हेच, माझ्या बायकोलाही. गोंगाट होता हे खरं. पण थाप थांबलेली मला कळली होती. कानाला लागलेला ठेका तुटला की कळतोच. मला वाटलं, त्यानं हात बदलला असेल. नाही, हेही खोटंच. मला काहीच वाटलं नाही. एका कटात गाडी बसत होती, म्हणून मी क्लच सोडला. अर्धा फूट. त्याहून जास्त नाही.

त्या काळातला मी आज समोर आला तर म्हणेल, "हंगामात शंभर वेळा गाडी लावतो, एकदा झालं." बरोबरच आहे त्याचं. म्हणेल, "दरवाज्याला दगड लावणं क्लिनरचं काम." तेही बरोबर. उत्तर सापडत नाही, म्हणून उतरतो. आणि उतरण्यातही काही राम नाही हे मला माहीत आहे. खाली बघून वर चढेपर्यंत एखादं लेकरू, एखादी कालवड मागं येऊन उभी राहू शकते. बघून आलो ते मघाचं असतं. एकदा याच धास्तीनं सात वेळा उतरलो, आणि तोंडाकडं लक्ष न राहून समोरच्या घराचं नळाचं कनेक्शन तोडलं. त्या बाईनं जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. पैसे भरून दिले.

पोट्ट्याच्या घरी मी दोनदा गेलो. बापानं दोन्ही वेळा चहा पाजला. थापेचं मी काढलं नाही, पोट्ट्यानंही काढलं नाही. त्याला ते माहीत आहे का, मला सांगता येत नाही. थाप त्यानंच थांबवली होती, म्हणजे माहीत असणार.

तुमचा दुसरा प्रश्न असतो, "क्लिनर काऊन नाही ठेवत?" परवडत नाही, असं सांगतो. डिझेल, टोल, टायरचे भाव बघता कोणालाही ते पटतं.