बाबांना कालवा दाखवायला नेलं: ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनची सोपी फेरी

बाबांची अख्खी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेली, कालवा निरीक्षक म्हणून. त्यामुळे जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे ब्रिस्टलला आले, लंडन झालं, स्टोनहेंज झालं आणि ‘आता जरा पाय मोकळे होतील असं काहीतरी दाखव, पण माझ्या गुडघ्यांचा विचार कर’ असं आईनं फर्मावलं, तेव्हा मला फार डोकं चालवावं लागलं नाही. कालवा, नदी, जुन्या इमारती आणि चढ जवळजवळ नाहीच. विल्टशरमधलं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन.

आधी तिकिटाचं. यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड नावाचं मोठं शहर आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तिकीट काढताना ‘ऑन-एव्हन’ बघूनच बटण दाबा. ब्रिस्टल आणि बाथहून थेट गाडी मिळते, बाथपासून पाव तासाच्या आसपास लागतो. नावाचा अर्थ बाबांना आवडला. ब्रॅडफर्ड म्हणजे नदीचा रुंद उतार, जिथून बैलगाड्या पाण्यातून पलीकडे जायच्या. आणि ‘एव्हन’ हा जुन्या केल्टिक भाषेत ‘नदी’ यासाठीचाच शब्द. म्हणजे ‘रिव्हर एव्हन’ म्हणजे नदी नदी. आई म्हणाली, ‘त्यात काय, आपल्याकडे नाही का कुठल्याही नदीला गंगा म्हणत.’

स्टेशनातून बाहेर पडल्यावर लगेच कालव्याकडे पळू नका. आधी पाच मिनिटं चालून गावातल्या जुन्या पुलावर जा. पुलाच्या दोन कमानी तेराव्या शतकातल्या आहेत. बाकीचा पूल सतराव्या शतकात रुंद करून बांधला. पुलाच्या मधोमध घुमटी असलेली एक दगडी खोली आहे, ती पूर्वी गावातल्या दारुड्यांना आणि भांडखोरांना रात्रभर कोंडून ठेवायला वापरायचे. तिच्या शेंड्यावरच्या वातकुक्कुटाच्या जागी कोंबडा नाही, मासा आहे. त्यामुळे कोठडीत गेलेला माणूस ‘माशाच्या खाली आणि पाण्याच्या वर’ आहे असं गावकरी म्हणायचे. फोटो पुलावरून चांगला येत नाही, काठावर उतरून काढा.

पूल ओलांडून थोडं आत गेलं की सेंट लॉरेन्सचं सॅक्सन, म्हणजे हजारेक वर्षं जुनं, चर्च लागतं. आमच्या दिवाणखान्याहून थोडं मोठं, पण उंच आणि अंधारं. हे चर्च शेकडो वर्षं गावाच्या डोळ्यांसमोर असून कुणाला माहीत नव्हतं! एका भागात शाळा भरायची, दुसऱ्यात बिऱ्हाड राहायचं, आणि चहूबाजूंनी घरं चिकटलेली. १८५६च्या सुमाराला तिथल्या पाद्र्याच्या लक्षात आलं की हे छप्पर काही साध्या घराचं नाही. आत कमानीच्या वर भिंतीत दोन उडते देवदूत कोरलेले आहेत, ते शोधायला मान वर करावी लागते. आम्ही पाच मिनिटांसाठी म्हणून गेलो आणि आई अर्धा तास बाकावर बसून राहिली. तिथल्या गारव्यामुळे, असं ती म्हणते.

चर्चपासून खाली नदीकडे उतरलात की पादचारी पूल आहे, त्यावरून परत स्टेशनच्या बाजूला यायचं आणि नदी उजवीकडे ठेवून रेल्वेच्या पुलाखालून पुढे जायचं. दहा मिनिटांत बार्टन फार्म. इथलं धान्याचं कोठार पाहण्यासाठी खरं तर सगळी फेरी करावी.

याला ‘टाइद बार्न’ म्हणतात, म्हणजे दशांश गोळा करण्याचं कोठार. इंग्लंडचा राजा एथेलरेड यानं १००१ साली हे गावच शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाला दान दिलं. पुढे चौदाव्या शतकात त्या मठानं आपल्या जमिनीचं धान्य साठवायला हे कोठार बांधलं. लांबी १६८ फूट. छपरावर कौलं नाहीत, दगडी फरशा आहेत, आणि त्यांचंच वजन शंभर टनांच्या आसपास. ते वजन पेलणारे लाकडी वासे खालून बघताना उलटी करून ठेवलेली बोट आठवते.

आईचं माहेर पाच खणांचं. आत शिरल्याबरोबर तिनं खण मोजायला सुरुवात केली आणि टोकाला जाऊन ओरडली, ‘चौदा!’ बरोबर आहे, चौदाच आहेत. मग तिनं विचारलं की उंदरांचं काय करायचे. याचं उत्तर मला देता आलं नाही. कोठार आता रिकामं आहे. आत मांडणी नाही, पुतळे नाहीत, आवाज करणारे पडदे नाहीत. मला हेच आवडतं. प्रवेश फुकट आहे, पण उघडायला सकाळचे दहा-साडेदहा होतात आणि बंद लवकर होतं. त्यामुळे हे परतीवर ठेवू नका. आमच्या आधीच्या खेपेला तीच चूक झाली होती आणि कुलूप बघून परत आलो होतो.

कोठाराच्या मागून एक छोटी चढण चढली की थेट कालव्याचा काठ. सगळ्या फेरीतला खरा चढ एवढाच, शंभरेक पावलांचा. वर आल्यावर उजवीकडे एव्हनक्लिफ, आपल्याला जायचंय ते गाव, पण आधी डावीकडे पाच मिनिटं जाऊन ब्रॅडफर्ड लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करणारा दारांचा हौद, बघून या.

हा केनेट आणि एव्हन कालवा. पूर्वेकडच्या रीडिंगला बाथशी जोडणारा, पुढे नदीतून ब्रिस्टलपर्यंत. १७९४ साली खोदाईला सुरुवात झाली ती याच गावात, आणि १८१० साली सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला. इंजिनिअर जॉन रेनी. कोळसा, दगड, धान्य, सगळं बोटींतून आणि बोट ओढायला काठावर घोडा. आपण चालतो ती पायवाट त्या घोड्यांची. मग रेल्वे आली, १८५२ साली रेल्वे कंपनीनंच कालवा विकत घेतला आणि त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. विसाव्या शतकात लांबच लांब पट्टे कोरडे पडले होते. स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं चिखल उपसला आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला.

बाबांनी काठावर उभं राहून पाण्यात एक काडी टाकली. काडी जागची हलेना.

‘उतार किती दिलाय?’

‘उतार नाही, बाबा. इथून बाथपर्यंत नऊ मैल एकाच पातळीवर आहे.’

‘मग पाणी जातं कुठं?’

‘कुठंच जात नाही.’

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कालव्याचा अपमान केला. तीस वर्षं आवर्तनं, पाणीपाळी, रात्री-बेरात्री फोडलेल्या चाऱ्या आणि टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यांची भांडणं यांत गेलेल्या माणसाला हे पचणं कठीणच होतं. पाणी आहे, भराव आहे, दारं आहेत आणि एकही शेत भिजत नाही! बोट तरंगावी एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

लॉकवर मात्र त्यांचं मन रमलं. वरचं आणि खालचं पाणी यांत साडेबारा फुटांचा फरक आहे, मध्ये दोन दारांमधला दगडी हौद. एक अरुंद लांबट बोट आत आली, मागचं दार बंद झालं, बोटीवरच्या बाईंनी हँडल फिरवून खालच्या दाराच्या झडपा उघडल्या आणि हौदातलं पाणी उतरत बोट विहिरीत गेल्यासारखी खाली गेली. मग दाराला लावलेल्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायचं. बाबांनी हातवारे करून विचारलं, मी मदत करू का? बाईंनी जागा करून दिली. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी त्यांनी कालव्याचं दार उघडलं. (कुणी बोलावलं तरच हात लावा, आणि झडपांना अजिबात नाही. हौदाची कड निसरडी असते, लहान मुलांचा हात सोडू नका.)

प्रत्येक बोट उतरताना हौदभर पाणी खाली जातं, हे त्यांनी लगेच हेरलं. मग भरपाई कशी? ही गोष्ट मी राखूनच ठेवली होती. बाथच्या अलीकडे क्लॅव्हर्टनला १८१३ सालापासूनचा पाणचक्कीवर चालणारा पंप आहे. नदीच्याच पाण्यानं भलं मोठं चाक फिरवायचं आणि नदीचंच पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवायचं. कोळसा नाही, वीज नाही. आता रोजचं काम विजेचे पंप करतात, जुना पंप ठरावीक दिवशी स्वयंसेवक चालवून दाखवतात. बाबांनी खिशातून डायरी काढून ‘४८ फूट’ असं लिहून घेतलं.

लॉकपासून मागे फिरून एव्हनक्लिफकडे साधारण अडीच किलोमीटर. वाट सपाट, पक्की, बाबागाडी आणि व्हीलचेअर आरामात जाईल अशी. त्रास एकच, सायकलवाल्यांचा. हा राष्ट्रीय सायकलमार्गही आहे, त्यामुळे चौघांनी शेजारी-शेजारी चालायचं नाही आणि मागून घंटा वाजली की डावी-उजवी न करता जागीच थांबायचं. काठाला खाजरी पानं असतात. बिनबाह्यांचा सदरा घालून झुडपात हात घालू नका.

काठाला ओळीनं बोटी बांधलेल्या. टपावर सरपणाच्या मोळ्या, सौरपत्रे, सायकली, कुंड्यांत टोमॅटो. ज्यांना बांधायची हक्काची जागा नाही त्यांना एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, पुढे सरकावंच लागतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसलं. एका बोटीच्या टपावर वाळत घातलेली चादर बघून आई म्हणाली, ‘धुणं मात्र सगळीकडं सारखंच.’ खिडक्यांतून आत डोकावायचा मोह आवरा, ती लोकांची घरं आहेत.

उजव्या हाताला झाडांमधून खाली नदी दिसत राहते आणि मग अचानक कालवा काटकोनात वळून हवेत जातो. एव्हनक्लिफचा जलसेतू. खाली नदी, शेजारून रेल्वे, आणि दोन्हींच्या डोक्यावरून बोटी. १७९७ ते १८०१ या काळात तो बांधला. मधल्या कमानीचा गाळा ६० फुटांचा. पण हा सेतू वरून बघून उपयोग नाही. खाली उतरून नदीकाठच्या पबच्या बागेतून बघा.

बाबांनी एक डोळा मिटून, हात आडवा धरून पाहिलं. ‘मधे पोट सुटलंय याचं.’

खरंच सुटलंय. बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांत मधली कमान खचली आणि तेव्हापासून डागडुजी चालूच आहे. रेनीला विटा हव्या होत्या, कंपनीनं जवळच्या खाणीतला दगड वापरायला लावला, आणि तो दगड बराचसा कच्चा निघाला. पुढे गळतीनं हा पट्टा कोरडाच पडला होता, मग तळाला काँक्रीटचं अस्तर दिल्यावर पाणी टिकलं. हे ऐकून बाबांना जो आनंद झाला तो लंडनचा राजवाडा बघूनही झाला नव्हता. ‘म्हणजे इथंही साहेबाचं ऐकत नाहीत,’ एवढंच म्हणाले.

पबमध्ये रविवारी दुपारी जागा मिळणं अवघड, आधी टेबल सांगून ठेवा. आम्ही धपाटे आणि दही नेलं होतं. ते अर्थात बागेत खायचं नाही, पुढे नदीकाठच्या कुरणात बसून खाल्लं.

एव्हनक्लिफहून परतीची वाट नदीकाठानं, बार्टन फार्मच्या कुरणांमधून. कालव्याच्या जोडीनंच जाते, फक्त एक पायरी खाली. माझ्या मते फेरी याच दिशेनं करावी. कालव्याची पक्की वाट आधी झाली की नदीकाठी पाय भरले तरी चिडचिड होत नाही, बूट तसेही शेवटीच खराब होतात. पाऊस पडून गेला असेल तर इथे घोट्याएवढा चिखल असतो, हिवाळ्यात तर नदी कुरणात शिरते. तेव्हा आल्या वाटेनं कालव्यावरूनच परत जा. फाटकांमुळे बाबागाडी न्यायला त्रास होतो. शेवटी एक अरुंद दगडी पूल लागतो, लादलेली घोडी धान्य घेऊन कोठाराकडे यायची तो. त्याच्या पुढे स्टेशन दहा मिनिटांवर. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर. चालण्याचे दोन तास, पण आमचे थांबत-थांबत पाच झाले. स्वच्छतागृह गावात स्टेशनजवळ वापरून घ्या, मधे पबखेरीज भरवसा नाही.

ज्यांचे गुडघे एव्हनक्लिफपर्यंतच साथ देतात त्यांच्यासाठी एक सोय आहे. जलसेतूच्या पलीकडच्या टोकाला खेळण्यातलं वाटावं एवढं स्टेशन आहे. फलाट इतका आखूड की गाडीचं एखादंच दार फलाटावर उघडतं, आणि गाडी हात केल्याशिवाय थांबत नाही. आमच्या पिढीनं एसटीवर ‘हात दाखवा, बस थांबवा’ वाचलंय, त्यामुळे आईला शिकवावं लागलं नाही. गाड्या मोजक्याच थांबतात, वेळ घरूनच बघून या. तिकीट फोनवर आधी काढून ठेवलेलं बरं, स्टेशनवर माणूस नसतो.

आई आणि बायको गाडीनं गेल्या, मी आणि बाबा नदीकाठानं. तासाभरानं, बूट चिखलानं भरवून आम्ही ब्रॅडफर्डच्या फलाटावर पोचलो तर दोघी बाकावर बसलेल्या. आईनं बाबांच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘शेवटी पाणी मिळालं म्हणायचं शेताला.’ चिवड्याचा डबा संपलेला होता.