उतारांची रोजनिशी

8 सप्टेंबर, ल प्वी-आँ-व्हले

ल्योंहून निघालो, सँ-एतियेनला गाडी बदलली. वन्सं इतकी वर्षं ल्योंला राहतात, पण ल प्वीला त्याही पहिल्यांदाच आल्या. "जवळचं राहूनच जातं गं," म्हणाल्या.

गावात ज्वालामुखीचे सुळके घरांच्या मधूनच वर आलेत. एकावर सँ-मिशेलचं चॅपेल आहे, 268 पायऱ्या. दहाव्या शतकात इथल्या गोदेस्काल्क नावाच्या बिशपनं बांधवलं. हाच बिशप 950 साली इथून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंत गेला होता. फ्रान्समधून तिकडे गेलेल्या यात्रेकरूंपैकी नावानिशी ठाऊक असलेल्या अगदी पहिल्यांतला तो, म्हणून ही वाट इथून सुरू होते. आम्ही सांतियागोला जाणार नाही. दहा दिवसांत पायी कोंक गावापर्यंत, दोनशे किलोमीटरच्या आसपास.

पायऱ्या चढताना काही झालं नाही. उतरताना डाव्या गुडघ्यात बारीक कळ आली. वन्संना सांगितलं नाही.

रात्री हिरवा मसूर. फ्रान्समध्ये 1996 साली या मसुराला त्याच्या गावाच्या नावाचं संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं. फोडणी नाही, मिरची नाही, तरी दोनदा वाढून घेतला.

9 सप्टेंबर, सँ-प्रिव्हा-दालिए

सकाळी सातची प्रार्थना. शेवटी यात्रेकरूंना आशीर्वाद देतात आणि मग कॅथेड्रलच्या जमिनीतली जाळी उघडते. खाली जिना, आणि जिना थेट गावातल्या रस्त्याला लागतो. म्हणजे यात्रेची पहिली पावलं उतरतीची. माझ्या गुडघ्याला हा विनोद कळला असावा.

वाट ओळखायची खूण पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल. झाडावर, खांबावर, कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीवर. या लांब पायवाटांना अशा खुणा करायला सुरुवात झाली 1947 साली, आणि आजही खुणा रंगवणारे बहुतेक स्वयंसेवकच. फुली दिसली की समजायचं, चुकलात, मागे फिरा. किती सभ्यपणे सांगतात! दोन तासांत डोळ्यांना इतकी सवय झाली की दुधाच्या कॅनवरचा लाल डागही खूण वाटायला लागला.

मुक्कामाच्या घराला इथे 'जीत' म्हणतात. दारातच बूट काढायचे, ते ठीक, आपल्याला नवीन नाही. पण सॅक पलंगावर ठेवायची नाही, ही ताकीद मालकीणबाईंनी तीनदा दिली. ढेकूण. फ्रेंच ढेकणांची बातमी ऐकून मला जरा घरच्यासारखं वाटलं.

10 सप्टेंबर, सोग

आजचा दिवस वाईट. रोशगुदच्या कड्यावर सँ-जाकचं टीचभर चॅपेल आहे, आत जेमतेम चार माणसं मावतील. तिथून अलिए नदी खोल खाली दिसते, आणि मग तिच्यापर्यंत उतरायचं: सुमारे साडेतीनशे मीटर, मुळं, सुटे दगड, ओला पाचोळा. अर्ध्यात मी उलटी होऊन, पाठ दरीकडे करून उतरायला लागले. मागून येणाऱ्या एका आजोबांनी काहीही न विचारता आपली एक काठी माझ्या हातात दिली आणि "बाँ शमँ" म्हणून पुढे गेले. शुभ वाट. इथे येताजाता सगळे एकमेकांना हेच म्हणतात. काठी परत कुठे करायची? संध्याकाळी सोगच्या जीतमध्ये ते समोरच्याच टेबलावर सूप पीत होते. घेईनात. "मला दोन पायांना एक पुरते," हे वन्संनी भाषांतर करून सांगितलं.

सोगमध्ये जेव्होदांच्या श्वापदाचा उदो उदो आहे. 1764 ते 1767 या तीन वर्षांत या भागात शंभरएक माणसं मारणारा लांडगा, की आणखी काही. गावानं त्याचं संग्रहालय केलंय. मी बघितलं नाही, पाय वर करून पडले होते.

वन्सं म्हणाल्या, "उद्यापासून सॅक गाडीनं पाठव." इथे तशी सोय आहे, सकाळी दारात सॅक ठेवायची, संध्याकाळी पुढच्या मुक्कामी हजर. जेवणाच्या टेबलावर यावर खरं भांडण होतं, ओझं न वाहणारा यात्रेकरू खरा की खोटा. मी पाठवणार आहे. खोटी तर खोटी.

13 सप्टेंबर, नास्बिनाल

दोन दिवस लिहिलं नाही. सोव्हाजच्या ग्रॅनाइटच्या वाड्यात एक रात्र, ओमोंमध्ये एक, आणि आज ओब्राकचं पठार. झाडं संपली. नुसतं गवत, रचीव दगडी बांध, आणि फाटकं: उघडा, आत या, पुन्हा लावा. गायी पिवळसर तपकिरी, डोळ्यांभोवती काळी रेघ, जणू कुणी रोज सकाळी काजळ घालतं. एका गायीकडे इतका वेळ बघत राहिले की तिनंच मान फिरवली.

नास्बिनालमध्ये चौकात एका माणसाचं स्मारक आहे, आणि त्यावर चक्क कुबड्या कोरल्यात. पिएर ब्रियूद, लोक त्याला पिएरुने म्हणत. एकोणिसाव्या शतकातला रस्त्यावर खडी घालणारा मजूर, आणि हाडवैद्य! निखळलेले सांधे बसवून घ्यायला लांबलांबून माणसं येत. डॉक्टर मंडळींना तो खपत नसे, हे ओघानं आलंच. मी स्मारकासमोर बाकावर बसून गुडघ्याला स्प्रे मारला. त्याला काय वाटलं असेल.

रात्री अलिगो. उकडलेला बटाटा, ताजं चीज, लोणी, साय, लसूण, आणि मग लाकडी पळीनं घोटत घोटत हातभर तार काढायची. मूळ असं सांगतात, की भुकेले यात्रेकरू मठाच्या दारात लॅटिनमध्ये 'आलिक्विद', म्हणजे 'काहीतरी', मागत, त्याचं हे नाव. व्युत्पत्ती फार गोड आहे, म्हणूनच मला संशय. जड मात्र इतकं की वन्संनी पहिल्यांदाच दिवसाचा हिशेब न सांगता डोळे मिटले.

14 सप्टेंबर, सँ-शेली-दोब्राक

सकाळी धुकं. पाच पावलांवरच्या वन्सं दिसेनात, नुसता त्यांचा आवाज: "अगं, आहेस ना?" शेवटची खूण एका फाटकावर दिसली होती, त्यानंतर काही नाही. बांध धरून चाललो, बांध संपला. फुलीसुद्धा दिसेना. चुकलोय एवढं सांगणारंही कुणी नाही.

ओब्राक गावात बाराव्या शतकात, 1120 च्या सुमाराला, आदालार नावाच्या फ्लेमिश सरदारानं यात्रेकरूंसाठी धर्मशाळा काढली. स्वतः इथे संकटात सापडला होता, सुटलो तर आश्रयस्थान बांधीन असा नवस बोलला, अशी कथा. धुक्यात आणि हिमवादळात तिथली घंटा वाजवत ठेवत, हरवलेल्यांसाठी. काल रात्री वाचलेलं. त्यामुळे मी उभी राहून खरोखर कान देत होते. घंटा आली, पण गायींच्या गळ्यातली. आम्ही तिच्यामागे गेलो, आणि गायी पाणी प्यायला गेल्या. डोणीपाशी शेतकरी होता. त्यानं आमच्याकडे न बघता हातानं उजवीकडे दाखवलं. रोजचंच असावं.

ओब्राकहून सँ-शेली म्हणजे पाचशे मीटर उतार. त्यावर आज लिहीत नाही. या उताराचा तुकडा 1998 पासून जागतिक वारशात आहे. माझा गुडघाही घ्या म्हणावं.

पुण्याहून आत्याचा फोन. "तुमची वारी कुठवर आली?" सगळे हेच विचारतात. पण इथे दिंडी नाही, टाळ नाही, दिवसभर प्रत्येक जण आपापल्या अंतरावर एकटा चालतो आणि फक्त जेवायला एकत्र येतो. आत्या म्हणाली, "मग कंटाळा नाही येत?" नाही येत. का, ते फोनवर सांगता आलं नाही.

16 सप्टेंबर, एस्तँ

सँ-कोमच्या चर्चचा कळस पिळलेला आहे, ओल्या धोतरासारखा. एस्पालियोंचा जुना पूल. लोत नदीकाठानं सपाट वाट, देवाची कृपा. इथला किल्ला माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी 2005 साली विकत घेतला. आडनावात आधीच होता, म्हणून घेतला म्हणायचं.

18 सप्टेंबर, कोंक

शेवटचा उतार सगळ्यांत निसरडा. गाव दिसत नाही, दिसत नाही, आणि एकदम खाली पाटीच्या दगडांची छपरं.

इथली संत फोय, बारा वर्षांची पोर. तिच्या अस्थी मुळात आजँ गावातल्या. नवव्या शतकात कोंकचा एक साधू तिथे गेला, वर्षानुवर्षं विश्वास संपादन केला आणि एका रात्री अस्थी घेऊन पसार झाला. त्या चोरीवर हे गाव उभं राहिलं. चर्चच्या दारावर न्यायाच्या दिवसाचं शिल्प आहे, 124 आकृत्या. डावीकडे स्वर्ग, सगळे ओळीत, जरा कंटाळलेले. उजवीकडे नरक, तिथे गर्दी. चोरांना काय होतं तेही कोरलंय. गावकऱ्यांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

आत चित्रकार सुलाजच्या 104 खिडक्या, 1994 साली पूर्ण झालेल्या. रंग नाही, चित्र नाही, दुधाळ काच आणि काळ्या रेघा. आधी निराशा झाली. मग संध्याकाळ होत गेली तशी काच आधी निळसर, मग केशरी. तासभर बसलो. वन्सं काही बोलल्या नाहीत, हे नमूद करून ठेवते.

काठीवाले आजोबा उद्या पुढे जाणार. जेवताना काठी त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवली. वन्संनी नकाशा उघडून विचारलं, "पुढच्या वर्षी इथून पुढे?" मी विचारलं, आधी चढ की उतार.

"आधी पुलापर्यंत उतार."

काठी परत मागून घेतली.