चौतीस की त्रेचाळीस?

वर्ग चौथीचा, मुलं २६, टॅब १८. ॲप प्रत्येकाची उत्तरं बघून पुढचं गणित त्याला झेपेल असं काढतं, म्हणून मी खूश होते. त्या मंगळवारी अहवाल उघडला, तर एका मुलीचा आलेख म्हणजे निव्वळ सापशिडी. एकअंकी वजाबाकी सगळी बरोबर. दोनअंकीवर चढली की धडाधड चुका, की पुन्हा खाली. शेरा: 'हातच्याची वजाबाकी जमत नाही'.

अहो, पाटीवर ही पोर चुकत नाही!

मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसले. ५२ वजा १८. बोटांवर मोजलं, ओठातल्या ओठात 'चौतीस' म्हणाली आणि आधी ४ दाबला, मग ३. पडद्यावर ४३, लाल फुली. पुढचं ६१ वजा २८. तेहतीस. उलट दाबा नाहीतर सुलट, ३३च. हिरवी खूण.

"अगं, चार आधी का?"

"बाई, एकक आधी काढायचं असतं ना?"

खरंच की. पाटीवर ती एकक उजवीकडे मांडते, मग त्याच्या डावीकडे दशक. टॅबची चौकट भरते डावीकडून. त्यात आपल्या बोलण्यातही चार आधी, तीस मागून. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' आलं, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते.)

प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत, कार्नेगी मेलन विद्यापीठात, मुलाला काय येतं हे त्याच्या उत्तरांवरून ताडायची एक पद्धत बसवली. ती चार शक्यता मोजते: आधीपासून येत होतं, आता शिकलं, येत नसून अंदाजानं जमलं, येत असून हातून चुकलं. त्या हिशेबात हिची ३३, ४४, ५५ ही उत्तरं अंदाजपंचेच ठरायची. 'येतं, पण दर वेळी उलटंच दाबलं' याला रकानाच नाही.

हेल्पलाइनला फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. तिला म्हटलं, आधी पाटीवर कर, मग बघून डावीकडून उतरव. पुढच्या सोमवारी ती तीनअंकीत होती. अहवालात शेरा आला: 'उल्लेखनीय प्रगती'.

मागच्या वर्षीच्या 'जमत नाही'वाल्यांची यादी काढून ठेवलीय. ती मुलं आता पाचवीला, दुसऱ्या शाळेत आहेत.