जुन्या तळ्याची नोंदवही: पहिले अकरा महिने

बागेच्या कोपऱ्यातले सिमेंटचे तळे ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर खोल आहे. अनेक वर्षे त्याकडे कोणीही लक्ष दिले नव्हते. वरच्या झाडाची पाने त्यात पडत राहिली आणि कुजत राहिली. काठी खुपसून मोजले तेव्हा तळाशी ३५ सेंटीमीटर काळा गाळ होता आणि त्यावर जेमतेम १५ सेंटीमीटर पाणी होते. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांसारखा वास येई. प्राणवायू संपलेल्या गाळात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा तो वास. हे तळे शोभेसाठी नव्हे, तर बेडूक, चतुर, टाचण्या (चतुरांसारखेच पण सडपातळ कीटक) आणि पाणी प्यायला येणारे पक्षी यांच्यासाठी पुन्हा उभे करायचे, एवढे सुरुवातीलाच ठरवले होते.

पहिला महिना: गाळ

तळे पूर्ण उपसून, घासून, नव्याने भरावे असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही आणि आज त्याचे समाधान वाटते. गाळात पाणवनस्पतींची बीजे असतात, गोगलगायी असतात, चतुरांची पिल्ले लपलेली असतात आणि पाणपिसवांची, म्हणजे पाण्यातले बारीक शेवाळ खाणाऱ्या ठिपक्याएवढ्या जिवांची, अशी टणक अंडी असतात जी कोरड्या चिखलातही अनेक वर्षे तग धरतात. म्हणून तळ्याचे मनाने दोन भाग केले आणि फक्त एका अर्ध्यातला गाळ काढला. तोही तळाशी ६-७ सेंटीमीटर ठेवून. दुसऱ्या अर्ध्याला हात लावला नाही.

काढलेला गाळ काठाला लागूनच, पाण्याकडे उतार देऊन पसरला आणि दोन दिवस ओला ठेवला. त्या अवधीत जे जीव सरपटत परत गेले ते गेले. उरलेले मी पांढऱ्या ताटात थोडा थोडा गाळ कालवून हाताने वेचले. आठ पाणविंचू, चतुरांची चार पिल्ले आणि असंख्य लाल रक्तकिडे मिळाले. मृत दिसणाऱ्या या तळ्यात एवढे काही जगत होते, हे पाहून मी बराच वेळ त्या ताटापाशी बसून होतो. उरलेला गाळ फुलझाडांच्या वाफ्यांत गेला.

दुसरा आणि तिसरा महिना: गळती

मोठा पाऊस झाला की तळे काठोकाठ भरे आणि काही दिवसांत पाणी पुन्हा काठापासून ४० सेंटीमीटर खाली येऊन थांबे. पाणी जिथे थांबते तिथेच किंवा किंचित वर भेग असणार, हे उघड होते. त्या रेषेवरचे शेवाळ खरवडले तेव्हा हातभर लांबीची केसासारखी भेग सापडली. ती पाण्याच्या वर असल्यामुळे तळे रिकामे करावे लागले नाही. भेग छिन्नीने रुंद करून जलरोधक मिसळलेल्या मसाल्याने भरली आणि तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवली. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि त्यातून झिरपणारा चुना पाण्यातल्या जिवांना सोसत नाही. म्हणून पाणी वर चढू देण्याआधी ती जागा ब्रशने घासून अनेकदा धुतली, आणि ते धुतलेले पाणी तळ्यात न पडू देता खाली बादली धरून बाहेर टाकले.

गळती थांबली की नाही हे बादलीने तपासता येते. भरलेली बादली तळ्यातच विटांवर अशी ठेवावी की तिचे तोंड पाण्याच्या वर राहील. म्हणजे ऊन, वारा आणि तापमान दोन्हींना सारखे मिळते. पाच दिवसांत बादलीतले पाणी २ सेंटीमीटर उतरले आणि तळ्यातलेही तेवढेच. म्हणजे ते सारे बाष्पीभवन होते. या तळ्यात १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० लिटर, त्यामुळे हा हिशेब मी अजूनही दर आठवड्याला लिहितो.

चौथा महिना: माझी चूक

इथे मी घाई केली. पावसाची वाट न पाहता नळाचे ३००० लिटर पाणी दोन दिवसांत सोडले. क्लोरीन उघड्या पाण्यातून एक-दोन दिवसांत उडून जाते, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरतात ते क्लोरीन-अमोनियाचे संयुग) तसे जात नाही, आणि नळाच्या पाण्यातले नायट्रेट व फॉस्फेट तर तिथेच राहतात. गाळ नुकताच ढवळलेला, ती पोषकद्रव्ये शोषायला वनस्पती जवळजवळ नाहीत, आणि वर भरपूर ऊन. दोन आठवड्यांत पाणी इतके हिरवे झाले की कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटे दिसेनात.

शेवाळनाशक औषध टाकले नाही. त्यातले तांबे गोगलगायींना मारते, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. उन्हाळ्यात तो आधीच कमी असतो: १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात. त्याऐवजी हॉर्नवर्टच्या जुड्या सोडल्या. या वनस्पतीला मुळे नसतात, ती पोषकद्रव्ये थेट पाण्यातून घेते. पाचव्या आठवड्यात सकाळच्या तिरप्या उन्हात पाण्यात ठिपके उड्या मारताना दिसले. त्या पाणपिसवा होत्या आणि न ढवळलेल्या अर्ध्याकडून त्यांचे ढगच्या ढग पसरत होते. त्यानंतर दहा दिवसांत तळ दिसू लागला. आता तळ्यात भर घालायची असेल तर फक्त छपरावरून पिंपात साठवलेले पावसाचे पाणी घालतो.

पाचवा ते सातवा महिना: उथळ काठ

एका सकाळी एक लहान चिचुंद्री बुडालेली सापडली. उभ्या, गुळगुळीत भिंतींवरून तिला वर येता आले नव्हते. त्याच दिवशी काम हाती घेतले. एका बाजूला वाळू भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या रचून, त्यांवर सपाट दगड आणि गोटे लावून पाण्याच्या वरपासून ४० सेंटीमीटर खोलीपर्यंत उतार तयार केला. नवे सिमेंट मुद्दाम टाळले. उताराचा वरचा १० सेंटीमीटर खोलीपर्यंतचा पट्टा शक्य तेवढा रुंद ठेवला, कारण तळ्यातली बहुतेक लगबग तिथेच असते: पाणी लवकर तापते, बेडूकमासे तिथे शेवाळ खरवडतात आणि पक्ष्यांना पाय टेकायला जागा मिळते. माझ्या मते जुन्या तळ्यासाठी एकच काम करायचे असेल तर ते हेच करावे. धोबी पक्षी चौथ्या दिवशी आला.

काठावर वेखंड आणि लव्हाळे लावले. आणलेले प्रत्येक रोप आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून धुतले. डकवीडची (पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्याशा वनस्पतीची) एक टिकली निसटली तरी अनुकूल दिवसांत दोन-तीन दिवसांनी तिच्या दोन होतात. दुसऱ्या तळ्यातले बेडूक, त्यांची अंडी किंवा पाणी आणले नाही, कारण त्यांबरोबर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी येऊ शकते. वाट मोकळी असेल तर जीव स्वतः येतात.

डासांबद्दल अनेक जण विचारतात. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला मी दर चौथ्या दिवशी बारीक जाळीने अळ्या काढत होतो. मासे सोडले नाहीत. डासांसाठी जगभर नेलेला गंबुसिया आज सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींमध्ये गणला जातो, आणि कोणताही मासा अळ्यांबरोबर बेडूकमासे व चतुरांची पिल्लेही खातो. सातव्या महिन्यापासून पाठीवर पोहणारे पाणकिडे इतके वाढले आहेत की जाळी बाजूला ठेवली आहे.

आठवा ते अकरावा महिना

नवव्या महिन्यात उथळ पाण्यात बेडकांच्या अंड्यांचे दोन पुंजके दिसले, आणि वेखंडाच्या बुंध्याशी भेकाच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) अंड्यांची माळ गुंतलेली होती. पुंजके बेडकाचे आणि माळा भेकाच्या, एवढी खूण पुरते. एक पुंजका पाणी उतरल्याने उघडा पडू लागला होता, तो पिंपातले २०० लिटर पाणी सावकाश सोडून वाचवला.

मागच्या आठवड्यात पहाटे वेखंडाच्या पानावर चतुराचे पिल्लू चढलेले दिसले. पाठ उकलून चतुर बाहेर आला आणि सुमारे तासाभराने पंख ताठ झाले. त्यानंतर काठावरची सारी पाने तपासली आणि मोजून अकरा काती मिळाल्या. दहा चतुरांच्या, एक टाचणीची. त्या एका कातीत शेपटीकडच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांचे ठसे स्पष्ट दिसतात.

न काढलेला अर्धा गाळ पुढच्या वर्षी याच पद्धतीने काढणार आहे. पानगळीपूर्वी झाडाखालच्या बाजूला जाळी ताणायची आहे. हॉर्नवर्ट निम्म्याहून अधिक पाणी व्यापू लागला आहे. तो काढताना प्रत्येक जुडी काठावर रात्रभर ठेवून मगच हलवायची आहे.