लाकडात बसवलेली काचेची धार

आज दिवसभर जुन्या मेक्सिकोतल्या ॲझ्टेक योद्ध्यांच्या माक्वाहुइत्लमध्येच डोकं अडकलंय. लोक तिला तलवार म्हणतात, पण तिच्यात धातू औषधालाही नाही! टणक लाकडाची साधारण मीटरभर लांब चपटी फळी, दोन्ही कडांना खाच, आणि त्या खाचेत डांबराने किंवा झाडाच्या चिकाने घट्ट बसवलेली ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची पाती.

खरं कसब पाती काढण्यात. कारागीर जमिनीवर बसून काचेचा गाभा पायांत धरायचा आणि लाकडी हत्याराने कडेवर दाब द्यायचा, की लांब पातं सुटून यायचं. गाभ्याचा माथा आधी घासून खरखरीत करावा लागे, नाहीतर हत्याराचं टोक घसरायचं. मेक्सिकोतल्या पाचुका भागातली हिरवट काच यासाठी नावाजलेली. तेस्कात्लिपोका देवाचा आरसाही ऑब्सिडियनचाच.

धार भयंकर, पण काच ठिसूळ. सोळाव्या शतकात चढाई करून आलेल्या स्पॅनिशांच्या पोलादावर आदळली की कपचे उडायचे. उलट ॲझ्टेकांचं जाड सुती चिलखत कित्येक स्पॅनिश सैनिकांनीच अंगावर चढवलं.

माद्रिदच्या शाही शस्त्रागारातला अस्सल नमुना १८८४ च्या आगीत गेला. फार हळहळ वाटते. आज दिसतात त्या प्रतिकृती, जुनी चित्रं आणि वर्णनं पाहून घडवलेल्या.