जुने मथळे, पुढचे घोटाळे: वहीतली ताजी हालहवाल

मंडळी, बरेच दिवस अडकलेला ‘केसरी’चा मथळा एकदाचा मार्गी लागला, म्हणून आधी त्याचंच सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: जुन्या वर्तमानपत्रातला मथळा शब्दशः खरा धरायचा आणि पुढे काय काय झालं असतं ते लिहून काढायचं, हा आपला खेळ. मी त्यात एक अट कसोशीने पाळते. मथळा सोडून बाकी सगळं त्या काळी होतं तसंच ठेवायचं. माणसं तीच, पाऊसपाणी तेच, कचेऱ्यांच्या सुट्ट्याही त्याच. हसू येतं ते या खऱ्या तपशिलांमुळे. सगळंच मनाचं घातलं की मजकूर दुसऱ्या पानावर दम तोडतो.

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा टिळकांचा अग्रलेख ६ जुलै १८९७चा. त्यामागचे दिवस हसण्याचे नाहीत. प्लेग, घरझडत्या, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर झाडलेल्या गोळ्या, मग पुण्यावर लादलेले जादा पोलिस. टिळकांना त्याच जुलैत अटक झाली. यातलं काहीही मी विनोदाला घेतलेलं नाही. फक्त तो प्रश्न उचलला आणि सरकारने तो खरोखर मनावर घेतला, असं धरून चालले.

सरकार एक डोकेशोध समिती नेमतं. समितीत एक सर्जन, एक मोजणी अधिकारी आणि पुढे-मागे फायली वाहणारा एक पट्टेवाला. समिती आधी मुंबईच्या सेक्रेटरिएटात जाते. तिथला हेडक्लार्क सांगतो, डोकं उन्हाळ्यातच महाबळेश्वरला गेलं. महाबळेश्वरला धो धो पाऊस. बंगल्याचा चौकीदार झडपांमागून ओरडतो, ‘साहेब, पाऊस लागला की डोकं पुण्यात उतरतं!’ आणि हे मी पदरचं घातलेलं नाही. मुंबई सरकारचा मुक्काम खरोखरच असा असायचा: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात गणेशखिंड, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तो बंगला.

समिती चिखल तुडवत गणेशखिंडीत पोचते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कचेरीतून उत्तर मिळतं की इथे फक्त हात आहेत, डोक्यासाठी सिमल्याला तार करा. सिमल्याहून व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांची कचेरी कळवते की आम्ही कणा आहोत, डोकं लंडनला. लंडनहून भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांचं खातं कळवतं की पार्लमेंटला सुट्टी लागायची वेळ झाली आहे, तरी विषय पुढच्या अधिवेशनात घ्यावा. शेवटी समितीचा अहवाल येतो, एका ओळीचा: ‘सरकारचे डोके फिरतीवर आहे.’ त्याखाली हिशेबनिसाची तांबड्या शाईतली टीप: ‘फिरतीचा भत्ता धडासह द्यावा की डोक्यापुरताच, याचा खुलासा व्हावा.’

‘फिरतीवर’ हा शब्द सापडला त्या संध्याकाळी मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. इतका नेमका शब्द रोज हाती लागत नाही. चौकीदाराचं वाक्य अजून घासायचं आहे. वाई-जावळीकडची बोली घरात ऐकलेल्या कुणी ते वाचून दाखवलं तर फार बरं होईल.

दुसरं पूर्ण झालेलं काम शिकागोचं. ‘ड्यूई डिफीट्स ट्रूमन’, शिकागो डेली ट्रिब्यून, ३ नोव्हेंबर १९४८. कंपोझिटरांचा संप चालू असल्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला न्यावा लागत होता. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल यायच्या आत ड्यूईंना विजयी करून टाकलं आणि सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या. प्रत्यक्षात ट्रूमन ३०३ विरुद्ध १८९ इलेक्टोरल मतांनी (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांनी) जिंकले. दुसऱ्या दिवशी सेंट लुईस स्टेशनात, गाडीच्या मागच्या सज्जात उभं राहून तो अंक दोन्ही हातांनी उंच धरलेला त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यात ट्रूमन तोंडभर हसतायत आणि मथळा त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठा दिसतोय.

आता मथळा खरा धरा. ड्यूई जिंकले, ठीक. पण राहणार कुठे? त्या वर्षी व्हाइट हाउसचे वासे इतके खिळखिळे झाले होते की ट्रूमन यांची मुलगी मार्गारेट हिच्या पियानोचा पाय जमिनीतून आरपार गेला. निवडणूक झाल्या झाल्या ट्रूमन कुटुंबाने समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये बिऱ्हाड हलवलं. बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवून आतलं सगळं उतरवलं गेलं, आणि घर पुन्हा राहण्याजोगं व्हायला मार्च १९५२ उजाडला. म्हणजे ड्यूईंची अवस्था पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीत फ्लॅट घेतलेल्या माणसासारखी: ताबा मिळाला, भोगवटा प्रमाणपत्र नाही!

माझ्या मजकुरात ड्यूई २० जानेवारी १९४९ला शपथ घेऊन ट्रंका घेऊन येतात, तर दारावरचा पहारेकरी त्यांना हेल्मेट देतो. मंत्रिमंडळाची पहिली बैठक तुळयांना लावलेल्या टेकूंच्या मधे भरते. मंत्र्यांना वजनाप्रमाणे बसवलेलं, जड खाती भिंतीकडेला. इतक्यात ट्रूमन यांचं पत्र येतं की मुलीचा पियानो वर राहिलाय, पाय काढून पाठवावा. तो पाय ओढला तर दिवाणखाना खाली येईल म्हणून इंजिनिअर परवानगी देत नाहीत, आणि नव्या राजवटीचा पहिला ठराव पियानोच्या पायावर मंजूर होतो. ड्यूई शिस्तीचे, नेटके म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे अंगावर पडलेला चुना झटकत ते ठरावावर सही करतायत, ही जागा मला सगळ्यात आवडते.

१९०३चा नग लहानच ठेवला. ९ ऑक्टोबरच्या न्यूयॉर्क टाइम्सने विमान उडवू पाहणारे शास्त्रज्ञ लँग्ली यांचं यंत्र पोटोमॅक नदीत पडल्यावर लिहिलं की उडणारं यंत्र व्हायला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील. ६९ दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकला राइट बंधूंचं विमान १२ सेकंद हवेत राहिलं. मी टाइम्सचा अंदाज सरकारी मुदत मानला. ऑडिटवाले वाळूत येऊन उभे राहतात: काम मुदतीच्या किमान ९,९९,९९९ वर्षं आधी कसं झालं, उरलेल्या वर्षांचा निधी परत का केला नाही? एवढंच. याहून ताणलं तर बिघडेल.

अमेरिकेतल्या रॉसवेल गावचा मथळा सोडून दिला. ८ जुलै १९४७ला उडती तबकडी पकडल्याचा मथळा आला आणि लगेच तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासाही. पण तिथले पुढचे परिणाम सगळं जग गेली कित्येक वर्षं कल्पित आलंय, आपल्याला नवीन काय उरलं?

सध्या हातात आहे ती १८३५ची चंद्रावरची बातमी. न्यूयॉर्कच्या ‘सन’ने २५ ऑगस्टपासून सहा भागांत छापलं की खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दक्षिण आफ्रिकेच्या केपहून दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं आणि दोन पायांवर चालणारे बीव्हर दिसले. दुर्बिणीची काच म्हणे २४ फूट व्यासाची. हर्शेल खरोखर तेव्हा केप टाउनला होते, आणि अशा बातमीची त्यांना गंधवार्ता नव्हती. इथे आपल्याकडे धागा जुळतो: मुंबईत तेव्हा ‘दर्पण’ निघत होता, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी. केपला वळसा घालून मुंबईला येणाऱ्या जहाजात तो ‘सन’चा अंक असेल तर बातमी आधी हर्शेल यांच्याच दारात थांबणार. जहाज बंदरात टेकलंय, कप्तान अंक घेऊन टेकडी चढतोय, इथवर लिहून झालंय. मुंबईचा भागही ठरलाय: व्यापारी चंद्रावर वर्गणीदार मिळवायला निघतात आणि पंखवाली मंडळी उलटी लटकून वाचत असतील या हिशेबाने एक रकाना उलटा जुळवण्याची मागणी करतात. तो इंग्रजीचा की मराठीचा, यावर माझं अजून ठरत नाहीये. मला मराठीचा बरा वाटतो, कारण त्या मंडळींनी आधी मराठी शिकावी. तुमचं मत कळवा, म्हणजे पुढचा भाग बसवायला घेते.